उघड्यावरच्या बैठकीचे कापड

घरात वापरावयाच्या कापडाची निवड करताना गृहस्थाची दृष्टी रंगावर आणि पोतावर असते, आणि त्यात फारसे वावगे असे काही नाही. दिवाणखान्यातील लोडाचा अभ्रा ऊन पाहत नाही, पाऊस सोसत नाही आणि रात्रीचे दवही त्याच्या वाट्याला येत नाही. परंतु तेच कापड गच्चीतील बाकावर, अंगणातील झोपाळ्यावर किंवा सज्जातील वेताच्या खुर्चीवर गेले की त्याचे प्राक्तन पालटते. चैत्रात हौसेने शिवून घेतलेल्या गादीचा रंग ज्येष्ठात विटतो, श्रावणात तिला कुबट वास येऊ लागतो आणि दिवाळीच्या साफसफाईत ती माळ्यावर किंवा भंगारात जाते. पुढच्या चैत्रात पुन्हा नवे कापड, पुन्हा नवी शिलाई. अनेक घरांतून हा क्रम वर्षानुवर्षे चालतो आणि त्याचा दोष बहुधा शिंप्याला किंवा पावसाला दिला जातो.

प्रश्न केवळ पैशाचा नाही. शहरांतील बैठ्या घरांची जागा उंच इमारतींनी घेतल्यापासून सज्जा अथवा गच्ची ही कित्येक कुटुंबांची उघड्या आभाळाशी उरलेली एकमेव ओळख आहे. गुडघे दुखणाऱ्या वृद्धाला उघड्या लाकडी बाकावर अर्धा तास बसणेही जड जाते. बाकावर चांगली गादी असेल तर तो सकाळचे ऊन घेत तेथे बसतो. गादी ओली, कडक किंवा बुरशीने काळवंडलेली असेल तर तो खोलीत परततो आणि मग तेथेच राहतो. बुरशीचे कण श्वासावाटे आत गेले की दमेकऱ्याचा त्रास वाढतो, हेही विसरता येत नाही. म्हणून उघड्यावरच्या गादीचे कापड हा वरवर क्षुल्लक वाटणारा विषय थोडा विचारपूर्वक हाताळण्याजोगा आहे.

दुकानात गेल्यावर ग्राहकाच्या कानावर प्रथम पडणारा शब्द म्हणजे ‘परफॉर्मन्स फॅब्रिक’. हा शब्द ऐकून एखाद्या विशिष्ट धाग्याचा बोध होतो असे वाटते; वास्तविक ते कोणत्याही एका धाग्याचे नाव नव्हे. ऊन, पाणी, डाग किंवा घर्षण यांपैकी एकाला वा अनेकांना तोंड देण्यासाठी तयार केलेल्या कापडाला व्यापारी मंडळींनी दिलेली ती बिरुदावली आहे. एका कापडाला ती डागांना दाद न देण्याबद्दल मिळते, तर दुसऱ्याला उन्हात न विटण्याबद्दल. घरातील सोफ्यासाठी उत्तम ठरलेले असे कापड बाहेर एका उन्हाळ्यात हात टेकू शकते. तेव्हा ‘टिकाऊ आहे काय?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कशापुढे टिकाऊ आहे?’ असे विचारले पाहिजे.

उघड्यावरच्या कापडाचे शत्रू चार: ऊन, पाणी, घर्षण आणि मळ. यांतील पहिला सर्वांत बलाढ्य आहे. सूर्यप्रकाशातील जे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि ज्यांना अतिनील अथवा जंबूपार किरण म्हणतात, त्यांच्या अंगी रासायनिक बंध तोडण्याइतकी शक्ती असते. कोणताही धागा म्हणजे लांबच लांब रेणूंची मालिका. हे किरण त्या मालिकेतील दुवे तोडत जातात. प्रथम रंगद्रव्याचे रेणू मोडतात व कापड फिके पडते; नंतर धाग्याचेच रेणू आखूड होतात आणि कापड हात लावताच फाटू लागते. विटणे ही बहुधा आधीची सूचना असते, जीर्ण होणे हा पुढचा परिणाम. समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतसा या किरणांचा जोर वाढतो. दर हजार मीटर उंचीमागे तो सुमारे १० टक्क्यांनी वाढतो असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. त्यामुळे सिमला किंवा उदकमंडलमसारख्या थंड हवेच्या ठिकाणी ऊन कोवळे वाटले, तरी कापडाच्या दृष्टीने ते कोवळे नसते.

दुसरा शत्रू पाणी. नुसत्या पाण्याने कापडाचे फारसे बिघडत नाही. सुती धागा तर ओला असताना कोरड्या धाग्याहून अधिक बळकट असतो. अनर्थ होतो तो पाणी साचून राहिल्याने. ओलावा, ऊब आणि खाद्य या तीन गोष्टी एकत्र आल्या की बुरशी धरते. कापूस हा वनस्पतिजन्य असल्यामुळे तो स्वतःच बुरशीचे खाद्य आहे. जी सेंद्रिय प्रक्रिया पडलेल्या पानांचे खत करते, तीच गादीच्या खोळीवर चालते. कृत्रिम धागा बुरशीला खाता येत नाही, परंतु त्यावर बसलेली धूळ, घाम, तेलाचे डाग आणि अन्नाचे कण तिला पुरतात. म्हणूनच ‘या कापडावर बुरशी येत नाही’ हे विधान अर्धेच खरे असते. कापडाला बुरशी खात नाही, एवढाच त्याचा अर्थ. मळावर ती येतेच.

तिसरा शत्रू घर्षण. बसणे, उठणे, सरकणे यांनी धागे झिजतात. त्यात उत्तरेकडील कोरड्या प्रदेशात वाऱ्यासोबत येणारी बारीक धूळ धाग्यांच्या मध्ये बसते आणि कानशीसारखे काम करते. चौथा शत्रू मळ. तो स्वतः फार घातक नसला तरी उरलेल्या शत्रूंना वाट करून देतो.

या शत्रूंपुढे निरनिराळे धागे कसे उभे राहतात, ते आता पाहावे.

सर्वांत जुना व परिचित म्हणजे जाड सुती कापड. कॅनव्हास आणि डक या नावांनी ते ओळखले जाते. कॅनव्हास हा शब्द तागासारखे धागे देणाऱ्या भांगेच्या झाडाच्या लॅटिन नावावरून आला आहे, तर डक हा कापड या अर्थाच्या डच शब्दापासून. जहाजांची शिडे, सैन्याचे तंबू आणि मांडवांच्या कनाती याच कापडाच्या झाल्या. ते हवेशीर असते, उन्हात अंगाला चटका देत नाही आणि शिंप्याच्या हाताला सोपे असते. मेण, तेल अथवा तांब्याचे क्षार यांची प्रक्रिया करून त्याला पाणी व बुरशी यांपासून काही काळ वाचवता येते. परंतु उघड्यावर कायम टाकून ठेवल्यास त्याचा निभाव लागत नाही. संध्याकाळी गादी उचलून आत नेण्याची शिस्त ज्या घरात आहे, त्या घरात मात्र जाड सुती कापडासारखे स्वस्त व सुखद दुसरे काही नाही.

दुसरे पॉलिएस्टर. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ते सिद्ध केले व टेरिलीन या नावाने ते प्रथम घरोघरी पोचले. ते अतिशय चिवट असते. झिजण्याला त्याच्याइतकी टक्कर देणारे धागे थोडे. पाणी ते जवळजवळ शोषीत नाही. बाजारातील बहुतेक स्वस्त बागगाद्यांवर याच धाग्याचे छापील कापड असते. त्यातील गोम अशी की, हा धागा काचेच्या आड उत्तम टिकतो आणि उघड्यावर त्या मानाने कमी. अतिनील किरणांतील ज्या आखूड लहरी पॉलिएस्टरला सर्वाधिक बाधतात, त्या खिडकीची साधी काच मोठ्या प्रमाणात अडवते. काचबंद सज्जात वर्षानुवर्षे टिकलेले पडद्याचे कापड पाहून तेच उघड्या गच्चीसाठी घेणाऱ्याची फसगत होते ती यामुळे. शिवाय छापील नक्षी केवळ पृष्ठभागावर असते. ती आधी पुसट होते.

तिसरे ॲक्रिलिक. उन्हापुढे उभे राहण्यात सर्वसामान्य वापराच्या धाग्यांत याचा मान वरचा आहे. अमेरिकेतील ग्लेन रेव्हन या गिरणीने १९६१ साली दुकानांच्या व घरांच्या पुढील छतांसाठी सुती कापडाऐवजी या धाग्याचे सनब्रेला नावाचे कापड बाजारात आणले, आणि पुढे तेच नौकांवर आणि बागेतील आसनांवर गेले. या कापडाचे यश धाग्याइतकेच त्याच्या रंगविण्याच्या रीतीत आहे. सामान्यतः धागा किंवा कापड तयार झाल्यावर ते रंगात बुडवितात. येथे मात्र धागा ओढण्यापूर्वीच, द्रवरूप लगद्यात रंगद्रव्य मिसळतात. याला द्रवरंजन म्हणता येईल. चुना लावलेली भिंत आणि भाजलेली वीट यांत जो फरक, तोच या दोन रीतींत आहे. भिंतीचा चुना खरवडला की आतली माती दिसते. वीट कोठेही फोडली तरी आत तांबडीच असते. असा धागा उन्हाने विटण्यास फार काळ लागतो, आणि धुताना रंगही जात नाही. ॲक्रिलिकचे उणे म्हणजे घर्षणाने त्यावर बारीक गोळे धरतात, पॉलिएस्टरइतके ते चिवट नसते आणि त्याची किंमत अधिक असते.

चौथे पॉलिप्रॉपिलीन, व्यापारात त्याला ओलेफिन म्हणतात. १९५४ साली इटलीत ज्यूल्यो नात्ता यांनी या द्रव्याचे उपयुक्त रूप सिद्ध केले आणि १९६३ साली त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा धागा पाण्याहून हलका आहे. तो पाण्यावर तरंगतो आणि ओलावा जवळजवळ धरतच नाही. रंगात बुडवून तो रंगत नाही, म्हणून वितळलेल्या अवस्थेतच त्यात रंग घालावा लागतो. जी गोष्ट ॲक्रिलिकच्या बाबतीत हेतुतः करतात, ती येथे अपरिहार्य आहे. तथापि मूळचा हा धागा उन्हाला फार हळवा असतो. अतिनील किरणांना रोधणारी द्रव्ये त्यात मिसळली नसतील तर उघड्यावर टाकलेल्या प्लास्टिकच्या सुतळीप्रमाणे त्याचा थोड्याच दिवसांत भुगा होतो. ती द्रव्ये योग्य प्रमाणात असतील तर मात्र पावसाळी प्रदेशासाठी हे कापड किफायतशीर ठरते. तेलाचा डाग ते चटकन धरते आणि तापलेल्या इस्त्रीने वितळते, एवढे ध्यानात ठेवावे.

पाचवे रेक्झिन, म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर दिलेले चामड्यासारखे कापड. पाणी त्यातून जात नाही, ओल्या फडक्याने ते पुसता येते. परंतु त्याला मऊ ठेवणारी द्रव्ये उन्हाने हळूहळू निघून जातात. मग ते कडक होते व त्याला भेगा पडतात. भेगांतून आत गेलेले पाणी त्या अभेद्य थरामुळे बाहेर येऊ शकत नाही आणि गादी आतल्या आत कुजते. नागपूरच्या वैशाखात पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हा अशा आसनावर बसणे ही शिक्षाच होय.

पाणी न शोषणारे आणि पाणी मुळीच न जाऊ देणारे, हे दोन प्रकार वेगळे आहेत. पहिल्यावर पाण्याचे थेंब अळूच्या पानावरल्यासारखे घरंगळतात, पण कापड श्वास घेत असते. मुसळधार पावसात पाणी आत जाते आणि नंतर वाऱ्याने सुकते. दुसऱ्यातून पाणी जात नाही, पण वाफही जात नाही. गादीच्या खोळीसाठी सामान्यतः पहिला प्रकार श्रेयस्कर. थेंब घरंगळविणारा हा गुण बहुधा वरून दिलेल्या लेपाचा असतो, आणि धुण्याने व उन्हाने तो कमी होत जातो. लेप पुन्हा लावावा लागतो. तेलही दूर ठेवणारे जुने लेप फ्लोरिनयुक्त रसायनांचे असत. ही रसायने निसर्गात अतिशय सावकाश नाश पावतात. त्यांपैकी एका गटावर २००९ साली आणि दुसऱ्यावर २०१९ साली स्टॉकहोम कराराने निर्बंध घातले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून अशा रसायनांचा हेतुतः वापर केलेल्या बहुतेक वस्त्रवस्तूंच्या विक्रीस बंदी केली. पाण्यापुरते संरक्षण मेण किंवा सिलिकोन यांच्या लेपानेही मिळते. डाग न धरण्याची जाहिरात असेल तेथे ‘हा लेप फ्लोरिनविरहित आहे काय?’ असे विचारणे सुज्ञपणाचे आहे.

कापडाच्या सोबत येणाऱ्या पत्रकावर काही आकडे छापलेले असतात. ते वाचता आले तर विक्रेत्याच्या वाक्चातुर्याची गरज उरत नाही. प्रकाशापुढील रंगाचा पक्केपणा १ ते ८ या श्रेणीत देतात. निळ्या रंगाच्या लोकरीच्या आठ पट्ट्या, एकीहून एक अधिक पक्क्या, नमुन्यासोबत प्रकाशात ठेवतात आणि नमुना कोणत्या पट्टीच्या बरोबरीने विटतो ते पाहतात. उघड्यावरच्या वापरासाठी ७ किंवा ८ ही श्रेणी असावी. धुलाईतील पक्केपणाची श्रेणी मात्र १ ते ५ अशीच असते. तेथला ५ हा सर्वोत्तम आणि येथला ५ हा सामान्य, हा भेद लक्षात न घेतल्यास घोटाळा होतो. घर्षणाचा आकडा दोन यंत्रांवर काढतात: मार्टिंडेल आणि वायझनबीक. एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाही, कारण घासण्याची रीतच निराळी. सार्वजनिक जागी बराच वापर होणाऱ्या आसनासाठी अमेरिकी व्यापारात वायझनबीकवर ३०,००० किंवा मार्टिंडेलवर ४०,००० हे प्रमाण मानतात. घरच्या गादीला त्याहून कमीही चालते. लाखाच्या पुढील आकड्यांनी प्रत्यक्ष आयुष्यात फारसा फरक पडत नाही. उन्हाने आधीच जीर्ण होणाऱ्या कापडाला घर्षणाचा मोठा आकडा असून उपयोग नाही. अशा चाचण्या करणाऱ्या संस्था भारतातही आहेत. अहमदाबादची अटिरा ही वस्त्रसंशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि विक्रम साराभाई तिचे पहिले संचालक होते. मुंबईतील बिट्रा आणि कोइंबतूरची सिट्रा या त्याच परंपरेतल्या. एखाद्या मोठ्या संस्थेला किंवा गृहनिर्माण सोसायटीला शेकडो आसने करून घ्यावयाची असतील, तर चाचणीचा अहवाल मागणे तिच्या अधिकारातले आहे.

पण छापील पत्रक मिळालेच नाही तर? काही परीक्षा घरीही करता येतात. कापडाच्या कडेचा एक धागा ओढून त्याचा पीळ उलगडावा. आतला तंतू पांढुरका दिसला तर रंग वरवरचा आहे. कापडाची उलटी बाजू फिकी असेल तर ते छापील आहे. ओला पांढरा रुमाल जोराने घासला असता त्यावर रंग उतरला, तर तो पावसात कपड्यांवरही उतरेल. कापड उजेडासमोर धरले की विणीतील विरळपणा दिसतो. आणि सर्वांत विश्वासार्ह परीक्षा धीराची आहे. नमुन्याचा तुकडा घेऊन त्याचे दोन भाग करावेत. एक कपाटात ठेवावा, दुसरा गच्चीच्या कठड्यास बांधावा. चैत्रात बांधलेला तुकडा मृगाच्या पावसापूर्वी सोडून दोन्ही शेजारी ठेवले म्हणजे जे दिसेल, ते कोणत्याही जाहिरातीहून खरे असेल.

भारतासारख्या विस्तीर्ण देशात सर्वांना एकच कापड योग्य ठरणे शक्य नाही. दिल्ली, ग्वाल्हेर, जयपूर, नागपूर येथे ऊन आणि धूळ हे मुख्य शत्रू. तेथे द्रवरंजित ॲक्रिलिक, घट्ट वीण आणि फिका रंग यांना अग्रक्रम द्यावा, कारण गडद रंग उन्हात फार तापतो. मुंबई, रत्नागिरी, पणजी, कोची या किनाऱ्यावरच्या गावी दमट हवा आणि खारे वारे. तेथे ओलावा न धरणारा धागा हवा. मिठाचे कण हवेतील ओल खेचून घेतात आणि धातूची चेन गंजवितात, म्हणून तेथे जाड प्लास्टिकच्या दात्यांची चेन लावावी. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा ठिकाणी पावसाळ्यात कोणतीही गादी बाहेर ठेवू नये, हेच खरे उत्तर. पुणे, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे आठ महिने उन्हाचे व चार महिने ओलीचे असतात. तेथे मध्यम किमतीचे, किरणरोधक द्रव्ये घातलेले ओलेफिनही चांगले काम देते.

कापड उत्तम असूनही गादी वाया जाते, ती बहुधा दोऱ्यामुळे. साध्या सुती दोऱ्याने शिवलेली उत्कृष्ट खोळ म्हणजे कच्च्या बिजागरीवर टांगलेला सागवानी दरवाजा. कापड शाबूत असते, पण टीप उसवते. उन्हात टिकण्यासाठी प्रक्रिया केलेला पॉलिएस्टर दोरा मागावा, आणि शिवणी शक्यतो खालच्या बाजूस घ्याव्यात. आतल्या भरावाचेही तसेच. साधा फोम पाणी पिऊन बसतो व दिवसेंदिवस सुकत नाही; मोठ्या उघड्या छिद्रांचा, पाणी वाहून जाऊ देणारा फोम यासाठी वेगळा मिळतो. खोळीच्या तळाला जाळीचे कापड लावले आणि आसन पट्ट्यांचे असले, तर आलेले पाणी खाली निथळते. जुन्या काळी उशांत भरली जाणारी सावर स्वभावतःच पाणी सहजासहजी धरत नाही. एके काळी ती जीवरक्षक पट्ट्यांत वापरीत असत. तथापि भिजलेली सावरीची गादीही उभी करून वाळवावी लागते.

निगा फार अवघड नाही. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशाने धूळ झाडावी, सांडलेले तत्काळ टिपावे, महिन्या-दीड महिन्याने कोमट पाणी आणि सौम्य साबण यांनी धुऊन भरपूर पाण्याने खळाळावे. साबणाचा अंश राहिला तर तोच मळ धरतो. कृत्रिम कापडाला गरम इस्त्री लावू नये. पावसाळ्यात गाद्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवण्याची चाल घातक आहे. त्या आधी पूर्ण वाळवाव्यात व हवा खेळेल अशा सुती आच्छादनात ठेवाव्यात. कृत्रिम कापड हाताला पिठूळ लागू लागले, तर ते आणखी एक मोसम ओढू नये. त्याचे बारीक कण माती आणि गटारांवाटे पाण्यात जात असतात.

राहिला किमतीचा प्रश्न. समजा, एक कापड दुसऱ्याच्या तिप्पट महाग आहे आणि त्याच्या चौपट टिकते. केवळ कापडाचाच हिशेब केला तरी महाग ते स्वस्त पडते. त्यात दर वेळच्या शिलाईची मजुरी मिळविली म्हणजे अंतर आणखी वाढते, कारण शिंपी स्वस्त कापडाला कमी मजुरी घेत नाही. मात्र हा हिशेब गादी खरोखर बारा महिने बाहेर राहणार असेल तरच लागू पडतो. ज्या घरात गादी रोज आत येते किंवा सज्जावर पक्के छप्पर आहे, तेथे महागड्या कापडाचे गुण वापराविना पडून राहतात.

म्हणून निवडीचा आरंभ दुकानात न होता घरीच व्हावा. गादीवर दिवसाचे किती तास ऊन येते, पावसाची झड कोठवर पोचते, तिच्यावर कोण बसते आणि संध्याकाळी ती उचलून आत ठेवण्यास कोणाचे हात मोकळे असतात, एवढे चार प्रश्न ज्याने स्वतःला विचारले, त्याला कापड निवडणे कठीण जात नाही. घरातले वडीलधारे माणूस पावसाळा ओसरल्यावरही पूर्वीच्याच बाकावर, पूर्वीच्याच गादीवर चहाचा पेला घेऊन बसलेले दिसले, म्हणजे ती निवड बरोबर होती असे खुशाल समजावे.